वावरातली तीन वर्षं खोडू नका

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी रोजगार मेळावा झाला. मंडपात निम्मी पंचविशीतली पोरं होती आणि निम्मे माझ्यासारखे, चाळिशी ओलांडलेले, कुठली गिरणी, कुठलं गोदाम, कुठला कारखाना बंद पडला म्हणून गावी परतलेले. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी बायोडाट्यावर तासभर सांगितलं. गॅप दिसू देऊ नका. शेती केली असं लिहू नका, त्यानं माणूस मागे पडल्यासारखा वाटतो. शेवटच्या कंपनीची तारीख थोडी पुढे ओढा. नोकरी का सोडली या रकान्यात ‘उत्तम संधीसाठी राजीनामा’ टाका. मागच्या रांगेतून एक बुजुर्ग उठले आणि म्हणाले, “कागदानं काय होते साहेब? वशिला पाह्यजे.” टाळ्या पडल्या. तेव्हापासून बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर हाच वाद चालू आहे. एक बाजू म्हणते कागद सजवा, दुसरी म्हणते कागद फेका. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. नोकरी गेल्यावर बायोडाटा नव्यानं लिहायचा तर जे झालं तेच लिहावं, असं माझं ठाम मत आहे. युनिट बंद झालं. कामावरून कमी केलं. तीन वर्षं वावर केलं, हंगामात जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, गेलो. एवढं स्पष्ट लिहिणाऱ्याचं नुकसान होतं त्यापेक्षा लपवणाऱ्याचं जास्त होतं, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं आहे.

मी 17 वर्षं एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात होतो. मस्टर, ओव्हरटाइम, पीएफचे फॉर्म, आणि भरती निघाली की अर्जांचा गठ्ठा, सगळं आधी माझ्याकडे यायचं. हजारेक बायोडाटे तरी नजरेखालून गेले असतील. पुढे 2021 च्या दिवाळीआधी गिरणीनं एक पाळी बंद केली आणि आम्हा साठेक जणांना घरी बसवलं. तेव्हा मी 42 वर्षांचा होतो. दुसऱ्यांचे कागद लावून ठेवणाऱ्या माणसावर स्वतःचा कागद तयार करायची वेळ आली, आणि ‘नोव्हेंबर 2021 पासून’ एवढं लिहून मी तीन दिवस पुढचं वाक्य लिहू शकलो नाही. म्हणून गॅप लपवणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. ती लाज मला माहीत आहे.

ती लाज येते कुठून, हे आधी पाहू. आपल्याकडे लग्नाच्या कागदालाही बायोडाटा म्हणतात आणि नोकरीच्या कागदालाही. शब्द एकच असल्यामुळे एकाची रीत दुसऱ्यात उतरली. माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत वडिलांचं नाव, जात, विवाहित की अविवाहित, हे सगळं पहिल्या पानावर असायचं. रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, किती वर्षं काढली ते शेवटच्या ओळीत, किंवा नसायचंच. लग्नाचा बायोडाटा घराण्याची इज्जत दाखवायला असतो, त्यात उणं काही लिहीत नाहीत. घरात पोरगी लग्नाची असली आणि बापाची नोकरी गेली असली की सोयरिकीच्या कागदावर ‘वडील: नोकरी’ असंच राहतं. गावात हे सगळेच समजून असतात. पण तोच हात नोकरीचा कागद लिहायला बसला की तिथंही इज्जत झाकायला लागतो. नोकरी देणाऱ्याला तुमचं घराणं पाहायचं नसतं. सोमवारी सकाळच्या पाळीला उभं राहून तुम्ही काय करू शकाल, एवढंच त्याला हवं असतं.

आता मार्गदर्शकांच्या बाजूचा जोरकस मुद्दा मान्य करून पुढे जातो. गॅप पाहून अर्ज बाजूला पडतो, हे खरं आहे. मीही बाजूला ठेवले आहेत. सव्वाशे अर्ज, चार जागा आणि दुपारपर्यंतची मुदत असली की हात आपोआप सरळसोट कागदांकडे जातो. वयाचंही तसंच. सरकारी नोकरीचं दार खुल्या प्रवर्गाला 38 व्या आणि मागासवर्गीयांना 43 व्या वर्षी लागतं, म्हणजे आमच्या वयाला उरतं ते खासगीच, आणि तिथं पंचविशीतला कमी पगारात मिळत असताना पंचेचाळिशीतल्याला कोण विचारतो? हा अन्याय आहे आणि तो माझ्या एका लेखानं जाणार नाही. जन्मतारीख पहिल्या पानावर ठळक छापू नका, हा सल्ला मला मान्य आहे. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. विचारल्यावर खरं सांगितलं की झालं.

पण तारीख पुढे ओढणं? पीएफच्या यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या, क्रमांकाखाली कोणत्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सुटलात याची नोंद असते, पासबुकात महिन्यामहिन्याची कपात दिसते. बऱ्यापैकी कोणतीही कंपनी आता रुजू करताना हा क्रमांक मागते. तुम्ही कागदावर मार्च 2023 लिहिलं आणि पासबुकात शेवटची कपात ऑक्टोबर 2021 ची निघाली, तर तुमच्या 20 वर्षांच्या खऱ्या कामावरही समोरचा विश्वास का ठेवेल? गॅपमुळे अर्ज पहिल्या चाळणीत गेला तर एक संधी जाते. खोट्या तारखेमुळे तुम्ही निवड झाल्यावर, बाहेरगावी खोली घेतल्यावर, पोराचं नाव तिकडच्या शाळेत घातल्यावर पकडले जाता. असं झालेला एक जण माझ्या ओळखीत आहे. तो पंधरा दिवसांत सामान घेऊन परत आला आणि त्यानंतर त्यानं कुठं अर्जच केला नाही.

याहून मोठा मुद्दा त्या ‘उत्तम संधीसाठी राजीनामा’ या ओळीचा आहे, आणि मेळाव्यात मला बसवेना ते त्या ओळीमुळे. आम्हाला घरी बसवलं म्हणजे नेमकं काय केलं? एकेकाला आत बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवला. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द आधीच छापलेले. सही करा, हिशेब आठ दिवसांत. नाही तर चकरा मारत राहा. मी कायद्याचं थोडंफार वाचलेला माणूस, तरी सही केली, कारण त्याच आठवड्यात मोठ्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. कायदा काय म्हणत होता? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 25-एफ कलमात कामगार कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सलग सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेनं घेतली आहे, तिथंही हे 15 दिवस कायम आहेत. माझ्या 17 वर्षांचे 255 दिवस झाले, साडेआठ महिन्यांचा पगार. स्वखुशीनं राजीनामा दिला की ती कपात ठरत नाही, म्हणून हा पैसा बुडाला. ग्रॅच्युइटी मिळाली, कारण 5 वर्षं भरल्यावर ती राजीनाम्यानंतरही मिळते. बाकी त्या एका सहीनं गेलं.

पहिल्यांदा ते वाक्य कंपनीनं आमच्या हातून लिहून घेतलं. आता तेच वाक्य आम्ही झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून, आपल्या मनानं टाइप करून घ्यायचं? ज्यांनी सही दिली नाही आणि ज्यांचं प्रकरण कामगार आयुक्तांकडे किंवा कोर्टात आहे, त्यांनी तर हे चुकूनही करू नये. उद्या समोरचा वकील तुमचाच बायोडाटा पुढे करून म्हणेल, हे पाहा, हा तर स्वतःच सांगतो की मी राजीनामा दिला. आणि हे खोटं खपतं तरी कुठं? हिंगणघाट, बुटीबोरी, नांदगाव पेठ, सूत आणि कापडाचा धंदा करणारे सगळे एकमेकांना ओळखून असतात. कुठल्या गिरणीची कोणती पाळी कधी बंद झाली हे पुढच्या गिरणीच्या मॅनेजरला तुमच्याआधी कळलेलं असतं. त्याच महिन्यात तुम्हाला उत्तम संधीची आठवण झाली, यावर तो काय समजायचं ते समजतो. ‘पाळी बंद झाल्यानं कामगार कपात’ या पाच शब्दांत तुमचा दोष कुठेच येत नाही. दोष नसताना तो झाकायला निघालो की तो आपलाच दिसायला लागतो.

मेळाव्यानंतरच्या रविवारी शेजारच्या गावचा एक जॉबर, म्हणजे गिरणीत मशीन आणि त्यावरचे कामगार सांभाळणारा, माझ्याकडे आला. वय 46. रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बायोडाटा काढला. वर ‘ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून इंग्रजीत तीन ओळी, ज्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. छंद: वाचन. अनुभव: 19 वर्षे, गिरणी. आणि त्याखाली दुकानदाराच्या सल्ल्यानं ओढलेली तारीख. मी विचारलं, तुला येतं काय ते सांग. “मले काय येते भाऊ? रिंग फ्रेमवर होतो, बस.” मी विचारलं, ट्रॅव्हलर, म्हणजे रिंगवर धागा फिरवणारी बारीक कडी, बदलायची वेळ झाली हे कोण सांगायचं? तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. “सांगते कोण? कान सांगते. फ्रेमचा आवाज बदलते ना.” मग तो बोलतच गेला. एखाद्याच भागात धागा जास्त तुटायला लागला तर आधी काय पाहायचं, मे महिन्यात हवेतला ओलावा कमी झाला की तुटणं का वाढतं, तिसाच्या काउंटवरून, म्हणजे सुताच्या बारीकपणावरून, चाळिसावर जाताना काय काय बदलायचं. डॉफिंगला, म्हणजे भरलेल्या बॉबिन काढायला, आलेल्या गावाकडच्या किती पोरींना त्यानं शिकवून तयार केलं, तेही निघालं. यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं.

“आणि ही तीन वर्षं?” “काही नाही. घरीच होतो.” घरीच म्हणजे काय, हे काढायला अर्धा तास गेला. सहा एकर वावर, त्यातल्या दोन एकरांवर ठिबक त्यानं स्वतः जोडलं. अर्ध्या गावाच्या मोटारी तोच उघडतो. नोव्हेंबर ते मार्च एका जिनिंगवर जातो, तिथं डबल रोलर जीनचे रोलर बदलणं आणि ते सारखे लावणं त्याच्याकडे आहे. गंजीत हात घालून कापूस किती ओला आहे ते तो सांगतो, आणि नंतर मशीन लावलं तर फार फरक पडत नाही. ज्याला सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी ठाऊक आहे त्याला याची किंमत कळेल: 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. पऱ्हाटी पेरण्यापासून गाठ बांधण्यापर्यंत आणि गाठीपासून सुतापर्यंत कापसाचा सगळा रस्ता पायाखालून गेलेला हा माणूस आहे. असे किती जण सापडतील? आणि याला सांगितलं गेलं की वावर लिहू नको, मागास दिसशील!

वावरातली वर्षं लिहायची तर लिहावीत कशी, हा प्रश्न रास्त आहे. ‘शेती’ एवढाच शब्द लिहिला तर वाचणाऱ्याला तो रिकामाच वाटणार, इथपर्यंत मी मार्गदर्शकांशी सहमत आहे. त्यावरचा उपाय शब्द पुसण्याचा नाही, भरण्याचा आहे. किती एकर, काय पेरलं, हंगामात किती मजूर लावले, ठिबक कुणी जोडलं, माल कुठं विकला, हिशेब कुणी ठेवला. निंदणाला वीस बाया सांगून आणणं, पाऊस आला की त्यांना दुसऱ्या कामाला लावणं आणि शनिवारी सगळ्यांचा चुकारा बिनतक्रार करणं, याला कारखान्यात सुपरवायझरचं काम म्हणतात. मजुरांशी बोलायची रीत शिकवायला कंपन्या पैसे मोजून माणसं बोलावतात. आमच्याकडे ती वावरात मिळते, आणि आम्ही तिला गॅप म्हणतो.

बायांच्या बाबतीत तर हे आणखी कठीण आहे. आमच्याच गिरणीत कोन वाइंडिंगला असलेल्या एका बाईंनी पाच वर्षांपुढे फक्त ‘गृहिणी’ लिहिलं होतं. त्याच पाच वर्षांत त्यांनी बचत गटाचं दप्तर सांभाळलं, बँकेचं कर्ज उचललं आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडून दाखवलं. स्टोअरला माल मोजून घेणारं आणि वही चुकू न देणारं माणूस हवं असतं. या बाईंच्या कागदावरून ते कुणाला कळणार होतं?

आता वशिल्याकडे. त्या बुजुर्गांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. आमच्याकडे पाडव्याला सालदार ठेवतात तेव्हा कुणी कागद मागत नाही. गावात विचारतात, माणूस कसा आहे, गेल्या साली कुणाकडे होता, बैलांना कसा वागवतो. गावाची साक्ष हाच त्याचा बायोडाटा. ओळखीशिवाय काम मिळत नाही, हे कालही खरं होतं, आजही आहे. पण ओळखीच्या माणसाला सांगायला काही तरी लागतं ना? भाचा पुढच्या कारखान्यात असतो, तो साहेबाला म्हणतो, “माझे मामा आहेत, माणूस चांगला आहे.” चांगली माणसं सगळ्यांच्याच नात्यात आहेत. तोच भाचा एक पान पुढे ठेवून म्हणाला की मामा रिंग फ्रेमवर 19 वर्षं होते आणि आता जीनचे रोलर लावतात, तर साहेब निदान मान वर करून पाहतो. कागद वशिल्याच्या आड येत नाही, वशिल्याच्या तोंडात शब्द देतो.

आणि जुन्या धंद्याचा अनुभव नव्या धंद्यात चालत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी नागपूरचाच इतिहास पाहावा. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचा कारभार त्यांनी बेझनजी मेहता यांच्या हाती दिला. बेझनजी आले होते रेल्वेच्या माल वाहतुकीच्या कामातून. सुताचा, कापडाचा अनुभव शून्य. आजच्या चाळणीत त्यांचा अर्ज पहिल्याच फेरीत बाहेर गेला असता. जमशेटजींनी पाहिलं ते एवढंच, की हा माणूस माल, माणसं आणि वेळ हाताळू शकतो. यंत्रातलं कळणारे दुसरे आणता येतात. त्यानंतर बेझनजींनी ती गिरणी अनेक वर्षं चालवून नावारूपाला आणली. कुणी म्हणेल, टाटांची पारख सगळ्यांना कुठं असते? नसते, म्हणून तर तुमचं काम तुम्हीच नेमक्या शब्दांत समोर ठेवलं पाहिजे. पारख करणाऱ्याला अंदाज करायला लावू नका.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो मेळाव्यात कुणी घेतलाच नाही. तो असा: इथं नोकऱ्याच नाहीत. गिरण्या बंद पडल्या धोरणांमुळे, कर्जांमुळे, आणि तुम्ही बेकार झालेल्या माणसाला सांगता की तुझा कागद नीट कर, म्हणजे दोष त्याच्याच माथी. हे म्हणणं मला पटतं. तीच एम्प्रेस मिल 1986 मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद झाली. ती काही कामगारांच्या बायोडाट्यातल्या चुकांनी नव्हे. अचलपूरची फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हाही कामगार काम मागतच होते. चांगल्या कागदानं कारखाना उभा राहत नाही. पण त्या गिरण्यांबरोबर आणखी काय गेलं ते पाहा. भोंगा थांबला त्या दिवशी हजारो हातांतलं कसब एका रात्रीत ‘अकुशल’ ठरलं, कारण ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. वीस वर्षं साचा, म्हणजे माग, चालवलेला माणूस दुसऱ्या दिवशी वॉचमन झाला. त्याच्याकडे काय होतं हे ना सरकारला माहीत होतं, ना पुढच्या मालकाला, आणि हळूहळू त्यालाही वाटायला लागलं की आपल्याला काहीच येत नाही. कामावर शिकलेलं कसब तपासून त्याचं प्रमाणपत्र देण्याची सोय आज प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. नागपूरला जिनिंगचं प्रशिक्षण देणारं केंद्रही आहे. तिथं जाऊन ‘मले काय येते’ म्हणणाऱ्याला पहिल्या पायरीवर बसवतील. सगळं लिहून नेणाऱ्याला त्याची जागा मागता येईल. धोरणाविरुद्ध भांडायचं असेल तरी, आमच्याकडून काय हिरावलं ते आम्हाला मोजून सांगता आलं पाहिजे.

कोणतं कसब कधी कामाला येईल हे तरी कुणी सांगावं? मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी व्यवहारातून गेली, शाळांतून गेली. मोडी वाचता येतं हे सांगण्यात कित्येक वर्षं काही अर्थ राहिला नव्हता. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. ज्यांनी ‘आता याचा काय उपयोग’ म्हणून ती सोडून दिली होती, ते मोडी वाचणाऱ्यांच्या यादीत नव्हते. म्हणून मी त्या जॉबरला सिम्प्लेक्स मशीनवरची सुरुवातीची दोन वर्षंही लिहायला लावली, आणि गिरणीत जाण्याआधी तो बैलबंड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडे होता तेही.

त्याचा कागद आता दोन पानांचा मराठी आहे, आणि मोठी सुट्टीवर आली होती तिनं त्याचं साधं इंग्रजी करून दिलं. ‘ऑक्टोबर 2021: पाळी बंद झाल्याने कामगार कपात. त्यानंतर स्वतःची 6 एकर शेती; हंगामात जिनिंगवर डबल रोलर जीनची देखभाल.’ ही ओळ त्यानं दोनदा वाचली आणि म्हणाला, “हे त सगळं मीच केलं ना भाऊ.” अजून त्याला नोकरी लागलेली नाही. वणीकडच्या एका जिनिंगवाल्यानं हंगामाऐवजी वर्षभराच्या कामाचं विचारलं आहे, पगारावर बोलणं अडलं आहे.

पुढच्या मेळाव्यात मी आयोजकांकडे अर्धा तास मागितला आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. येणाऱ्यांनी सजवलेला बायोडाटा घरी ठेवला तरी चालेल. पीएफच्या पासबुकाची प्रिंट, जुन्या पगाराच्या दोन-तीन स्लिपा, जिनिंगच्या हजेरीचा असेल तो कागद आणि गटाचं दप्तर असेल तर तेही घेऊन यावं. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पीएफमध्ये दुसरं असेल तर तेही सांगावं, ते दुरुस्त करायला वेळ लागतो. लिहायला मी आहे, मोठी आहे, आणि तो जॉबरही येतो म्हणाला आहे.